दप्तराच्या ओझ्याने मुलांची चाल बिघडते का? तिसरीतल्या मुलाचे पाय रोज दुखतायत

मधुरा_नाशिक:
मुलगा तिसरीत आहे, वजन 24 किलो. काल दप्तर वजनकाट्यावर ठेवलं तर डबा आणि पाण्याची बाटली धरून 5 किलो भरलं! शाळा जवळ आहे म्हणून चालतच जातो, पण गॅलरीतून बघते तर पुढे वाकून, छोटी छोटी पावलं टाकत, पाय घासत चाललेला असतो. सुट्टीच्या दिवशी हाच मुलगा धड चालत नाही, नुसता पळतो. संध्याकाळी टाचा आणि पोटऱ्या दुखतात म्हणतो. जाऊबाई म्हणतात तळवे सपाट आहेत, आत्ताच बुटात इनसोल (आधाराची गादी) घाल नाहीतर पुढे जन्मभर त्रास. दप्तरामुळे तळवे सपाट होतात का खरंच? काय करू?

फिजिओ_मनीषा:
मधुराताई, मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. तुम्ही बरोबर बघितलंय. पाठीवर वजन आलं की शरीराचा तोल मागे जातो, मग मूल पडू नये म्हणून आपोआप कमरेतून पुढे वाकतं आणि समोर दिसावं म्हणून मान पुढे काढतं. तोल सांभाळायला पावलं आखूड होतात आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर जास्त वेळ टेकलेले राहतात, म्हणून ती चाल घासत चालल्यासारखी दिसते. तळव्यावरचा दाब वाढतो, तळवा थोडा पसरतो, पोटऱ्यांना जास्त काम पडतं. दप्तर उतरवलं की चाल परत नेहमीसारखी होते, तुमच्याकडे सुट्टीच्या दिवशी तेच दिसतंय. पण रोज तेवढं ओझं असेल तर दुखणारच ना.

आता सपाट तळव्यांचं. दप्तराने कायमचे सपाट तळवे होतात किंवा पाठीचा कणा वाकडा होतो असं सिद्ध झालेलं नाही, ती भीती काढून टाका. लहान मुलांचे तळवे मुळात सपाटच दिसतात, तळव्याची कमान, म्हणजे आतल्या बाजूचा उचललेला भाग, हळूहळू तयार होते, कित्येकांची आठ-दहा वर्षांपर्यंत. त्याला अनवाणी चवड्यावर उभं करा आणि मागून बघा, कमान उठून दिसली तर पाय लवचिक आहे, लगेच इनसोलची गरज नसते. उलट घरात, मैदानात अनवाणी खेळू द्या. आपल्याच देशात 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे घेऊन एक अभ्यास झाला होता, 1992 साली छापून आला, त्यात बूट घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट तळवे 8.6 टक्के आणि अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 टक्के निघाले.

बूट पण बघा हो. पुढच्या वर्षी पण चालतील म्हणून दोन नंबर मोठे घेतलेले असतात, मग टाच आत हलते आणि मूल बोटं आवळून चालतं.

गुरुजी_सातारा:
मी प्राथमिक शिक्षक आहे. केंद्राचं 2020 चं दप्तर धोरण आहे, त्यात दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको असं स्पष्ट आहे आणि तिसरी ते पाचवीसाठी 1.7 ते 2.5 किलो दिलंय. तुमच्या मुलाचं दुप्पट झालं की. शाळेत वजनकाटा ठेवून दप्तरं मोजावीत आणि शाळेतच चांगलं पिण्याचं पाणी द्यावं म्हणजे घरून बाटली आणायला नको, हे पण त्यात आहे. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, मुलाच्या मर्यादेच्या जवळजवळ निम्मं! आमच्याकडे मुलं मोकळी बाटली आणतात, शाळेत भरतात.

आणि पालकांनी रोज वेळापत्रक बघून दप्तर भरून घ्या, अहो निम्मं ओझं नको असलेल्या वह्यांचं असतं, मुलं काढतच नाहीत कारण विसरलं तर शिक्षा होईल असं वाटतं. ती भीती आम्ही शिक्षकांनीच घालवायला हवी.

सुहास_पिंपरी:
मुलीसाठी चाकांची बॅग घेतली होती पण ती रिकामीच जड आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे जिन्यात एका हाताने उचलून वाकडी व्हायची. आता साधीच सॅक आहे, दोन्ही पट्टे रुंद आणि घट्ट, जाड पुस्तकं पाठीला लागून आणि डबा बाहेरच्या कप्प्यात. एका खांद्यावर अडकवू देत नाही. सॅक कमरेखाली लोंबली की जास्त मागे ओढते, हे लक्षात ठेवा.

मधुरा_नाशिक:
सगळ्यांचे मनापासून आभार. दप्तर उपसलं तर दोन विषयांच्या भरलेल्या जुन्या वह्या, रंगाचा डबा, चित्रकलेची जाड वही, काय काय निघालं. 3 किलोच्या आत आलं, पाण्याचं वर्गशिक्षिकांशी बोलते. चवड्यावर उभा केला, कमान छान दिसली! बूट मात्र खरंच मोठे आहेत. पण मनीषाताई, दुखणं थांबलं नाही तर?

फिजिओ_मनीषा:
छान झालं. दोन-तीन आठवडे बघा. दोन्ही पाय संध्याकाळी दुखतात आणि सकाळी उड्या मारतो तर घाबरू नका. पण एकच पाय दुखत असेल, लंगडत असेल, सूज किंवा ताप असेल, दुखण्याने खेळ सोडून बसत असेल किंवा चवड्यावर उभं राहूनही कमान दिसत नसेल तर थांबू नका, मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. त्याच्या वयात नुसती टाच दुखायचं अजून एक कारण असतं, टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग खेळून, उड्या मारून दुखावतो, तेही ते तपासतील. जाताना रोजचे बूट आणि भरलेलं दप्तर सोबत न्या, दप्तर घालून आणि काढून अशी दोन्ही चाल त्यांना बघता येईल.