शेजारच्या बेडवरच्या काकांना हेपॅटायटिस सी निघाला, बाबांसाठी काय करू?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. आमचे बाबा बेळगावात डायलिसिसला जातात, आठवड्यातून तीनदा, पहिली पाळी. हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशननं जोडलेली शीर) आहे. त्यांच्या शेजारच्या बेडवर गोकाककडचे एक काका असतात. दोघांची चांगली गट्टी आहे. गेल्या आठवड्यात काकांना हेपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आलं आणि सगळं वातावरणच बदललं. आईनं बाबांना काकांच्या डब्यातली भाकरी घेऊ नका म्हणून बजावलंय. सेंटरात विचारलं तर "तुमचं निगेटिव्ह आहे, टेन्शन नको" एवढंच उत्तर. पण बाबांची ती टेस्ट एप्रिलमधली. वेगळी मशीन मागू की सेंटरच बदलू? कुणाला माहिती असेल तर सांगा की.

टिळकवाडीचा टेक्निशियन (निवृत्त):
आधी आईंना सांगा, भाकरी खुशाल खाऊ दे. यकृताला बाधणारा हा विषाणू रक्तातून जातो. डब्यातून, खोकल्यातून, शेजारी बसून जात नाही. रेझर आणि टूथब्रश मात्र कुणाचाच वापरू नये.

आता महत्त्वाचं. काकांची आधीची टेस्ट निगेटिव्ह होती का? त्या सेंटरात येतानाच ते पॉझिटिव्ह असतील तर गोष्ट वेगळी. पण निगेटिव्ह आले आणि तिथे असताना पॉझिटिव्ह झाले, तर बाधा युनिटमध्येच झाली असण्याची शंका घ्यायलाच हवी. मग त्या पाळीतल्या सगळ्यांची पुन्हा तपासणी झाली पाहिजे. तुम्ही भांडायचं ते यासाठी. काका स्वतःच यात भरडलेत, त्यांना दूर लोटू नका.

वेगळी मशीन हेपॅटायटिस बी ला लागते. सी साठी रुग्णाला वेगळं बसवायची शिफारस 'केडिगो' या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतसुद्धा नाही. मी हे काम आयुष्यभर केलंय, आणि माझं ठाम मत आहे की धोका मशीनच्या पोटात कमी, आमच्या हातात जास्त. सकाळी पाळी बदलताना घाई असते. एका पेशंटची सुई काढली, ग्लोव्हज तेच, आणि दुसऱ्याच्या मशीनचं बटण दाबलं. चिकटपट्टीचे तुकडे आधीच कापून मशीनच्या कडेला लावून ठेवतात, त्यांना रक्ताचं बोट लागलं तर डोळ्यांना दिसतही नाही. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू बरेच दिवस टिकू शकतो.

उद्या गेलात की नुसतं बघत बसा. प्रत्येक पेशंटला ग्लोव्हज बदलतात का? हेपॅरिनच्या (रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) एकाच बाटलीतून अनेकांचे डोस निघतात, ती बाटली ट्रेमध्ये घालून बेडोबेडी फिरवतात का? डोस लांब, स्वच्छ टेबलावर भरायला हवेत. आधीचा पेशंट उठल्यावर खुर्ची, मशीनचा पुढचा भाग आणि क्लॅम्प पुसतात का? डायलायझर (रक्त गाळणारी नळी) पुन्हा वापरत असतील तर त्यावरचं नाव स्वतः वाचा. आणि सुई काढल्यावर शेजारच्या पेशंटची जागा दाबून धरायला नातेवाईक पुढे होतात, ते उघड्या हातानं करू नका.

निपाणीची सून:
माझ्या सासऱ्यांना झाला होता, म्हणून लिहिते. काकांना सांगा, हा बरा होतो! सोफोसबुविर-वेलपाटासविरच्या गोळ्या १२ आठवडे घेतल्या. डायलिसिसवर असतानाही चालतात. सरकारच्या राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून मोफत मिळतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. सासरे ॲसिडिटीची गोळी घ्यायचे, त्यानं औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा. हृदयासाठी अमिओडेरोन चालू असेल तर आवर्जून सांगा.

बरे झाल्यावर एका सेंटरनं अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रथिनं) पॉझिटिव्ह बघून त्यांना घ्यायला नकार दिला. फार मनस्ताप झाला. अँटिबॉडी बरं झाल्यावरही राहते. गोळ्या संपून १२ आठवड्यांनी केलेली आरएनए टेस्ट (रक्तात खुद्द विषाणू आहे का ते बघणारी) निगेटिव्ह आली की बरे झाले. तो कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवलाय.

खानापूरकर:
आज बघून आलो. काकांची जानेवारीची टेस्ट निगेटिव्ह होती, त्यांच्या मुलानंच रिपोर्ट दाखवला. हेपॅरिनची बाटली ट्रेमध्येच फिरते. बाबांची परत अँटिबॉडी करून घेऊ का?

टिळकवाडीचा टेक्निशियन (निवृत्त):
मग हे गंभीर आहे. नुसत्या अँटिबॉडीवर थांबू नका. बाधा झाल्यावर ती दिसायला दोन-अडीच महिने लागू शकतात, आणि डायलिसिसच्या पेशंटमध्ये कधीकधी दिसतच नाही. आरएनए टेस्ट मागा. एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) दर महिन्याला, अँटिबॉडी दर सहा महिन्यांनी. सी ला लस नाही, पण बी ला आहे. बाबांचे दुप्पट मात्रेचे चारही डोस झालेत का ते बघा.

आणि एकट्यानं जाऊ नका. काकांच्या मुलाला बरोबर घ्या, दोघांचे रिपोर्ट एकत्र ठेवून नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) लेखी अर्ज द्या, अख्ख्या पाळीची आरएनए तपासणी आणि ती ट्रे बंद करा म्हणून. अर्जाची पोच घ्या. मराठीतला मसुदा हवा असेल तर लिहून देतो, कन्नडमध्ये माझी मुलगी करून देईल.

खानापूरकर:
काकांच्या मुलाशी बोललो, तो तयार आहे. शनिवारी जातोय. मसुदा द्या सर, दोन्ही भाषांत.