मूनसॉरो: अर्ध्या तासाचं गाणं ऐकायचं तरी कसं?

मध्यमा:
भाच्याने कोर्पिक्लानीचं एक गाणं पाठवलं होतं. व्हायोलिन, अकॉर्डियन, नुसती धमाल. ते संपल्यावर आपोआप मूनसॉरो नावाच्या दुसऱ्या फिनिश बँडचं 'यॅस्ता स्युन्त्युन्युत' सुरू झालं. तब्बल तीस मिनिटं चाललं! आधी बराच वेळ संथ, गूढ सूर, मग गिटारींचा लोंढा आणि त्यातून वर येणारा पुरुषांचा कोरस. गायकाचं किंचाळणं अजून पचलेलं नाही, पण चाल डोक्यातून जात नाही.

मी ख्याल ऐकत वाढले आहे, त्यामुळे लांबीची भीती नाही. मग हेही विलंबितासारखंच ऐकायचं का? सुरुवात कुठून करू? शब्द फिनलंडच्या कालेवाला महाकाव्यातले आहेत का? आणि 'पेगन मेटल'मध्ये (ख्रिस्तपूर्व धर्म-पुराणांवर बेतलेलं हेवी मेटल) वंशवादी लोक बरेच असतात असं भाचा म्हणतो, ते या बँडबद्दल खरं आहे का?

ढोलपथक:
कोर्पिक्लानी आवडलं असेल तर आधी फिनट्रोल हा फिनिश बँड ऐका, त्यांचा 2001 चा अल्बम 'याक्तेन्स तीद'. हुम्पा या फिनलंडमधल्या नाचाच्या तालाचं आणि मेटलचं ते मिश्रण आहे, शब्द स्वीडिशमध्ये. मूनसॉरोचा हेन्री सोरवाली तिथे 'ट्रोलहॉर्न' नावाने कीबोर्ड वाजवतो. तिथून मूनसॉरोकडे वळणं सोपं जाईल.

रानवाटा (एस्पू, फिनलंड):
ढोलपथक, माणूस एकच असला तरी या वाटेने जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. फिनट्रोल पाय थिरकवतं. त्या तयारीने मूनसॉरोकडे आलेला माणूस पाचव्या मिनिटाला कंटाळतो आणि पुन्हा फिरकत नाही. असं झालेले मित्र माझ्या ओळखीत आहेत.

मध्यमाताई, थोडं सविस्तर लिहितो, कारण हा माझा सगळ्यात लाडका बँड आहे.

हेन्री आणि विल्ले सोरवाली हे चुलत-आते-मामे यांपैकी कुठल्यातरी नात्याचे भाऊ. त्यांनी 1995 मध्ये हेलसिंकीत बँड सुरू केला. काही वर्षं डेमोंतच, म्हणजे कच्च्या ध्वनिमुद्रणांतच गेली. 2001 मध्ये मात्र एकाच वर्षात दोन अल्बम आले, 'सुदेन उनि' आणि 'वोइमास्ता या कुन्निआस्ता'. विल्ले बास वाजवतो आणि गातो, मार्को तार्वोनेन ड्रम्सवर. पुढे गिटारवर मित्या हारविलाहती आणि कीबोर्डवर मार्कुस युरेन आले, आणि तेव्हापासून हेच पाच जण टिकून आहेत. मेटलमध्ये हे दुर्मीळ आहे. हेन्री बरीच वर्षं रंगमंचावर येत नाही, तिथे त्याच्या जागी यान्ने पेर्त्तिला वाजवतो. पण संगीत मुख्यतः हेन्रीच्याच डोक्यातून येतं.

आता विलंबिताबद्दल. तुलना सुचणं स्वाभाविक आहे, पण मला ती पटत नाही. ख्यालात गायक त्या क्षणी वाट शोधतो. इथे एकेक थर आधीच ठरवून रचलेला आहे. एक साधी चाल घेतात, बऱ्याचदा सहा मात्रांच्या झोक्यातली, मध्यम लयीची. ती आधी एकट्या गिटारवर येते. पुढच्या आवर्तनात खाली कीबोर्डवरची तुतारीसारखी साथ, मग कोरस, मग ड्रम्स दुप्पट. चाल तीच राहते, तिच्याभोवतीचं आभाळ बदलतं. म्हणून लांबी लागते. पाच मिनिटांत हे सगळं कोंबलं तर नुसता गोंगाट उरेल. स्वीडनच्या बाथरी या बँडचा भव्य कोरस आणि सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकची मोठी बांधणी, या दोन्हींचं ऋण इथे स्पष्ट ऐकू येतं.

किंचाळण्याबद्दल एवढंच सांगेन की विल्लेचा आवाज गायकाचा म्हणून ऐकू नका. चाल कोरस आणि गिटारी सांभाळतात, तो त्यांच्यावरून जाणारा वारा आहे.

कालेवालासाठी अमॉर्फिस हा फिनिश बँड ऐका. त्यांचा 1994 चा 'टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स' त्याच काव्यावर उभा आहे. मूनसॉरोचे शब्द फिनिश आहेत, पण 'योतुनहाइम', 'मीमिसब्रुन' ही गाण्यांची नावंच पाहा, ती थेट नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या पुराणातली.

वंशवादाचा प्रश्न विचारलात ते बरं केलंत, तो विचारायलाच हवा. या शैलीच्या आसपास तशी माणसं आहेत. मूनसॉरोने मात्र नाझी विचारांशी आपला संबंध नसल्याचं जाहीरपणे सांगितलेलं आहे.

सुरुवात 2003 च्या 'किवेनकान्ताया'पासून करा. पहिलंच गाणं 'राउनिओइल्ला' तेरा मिनिटांहून मोठं आहे, पण त्यात चाल कुठेही हरवत नाही. त्यांच्या सगळ्या अल्बमांत हा सर्वांत उजळ.

काळोखी:
मी 'वेरिसॅकेत' (2005) म्हणेन. 'किवेनकान्ताया'त कीबोर्ड फार गोड आहे. 'वेरिसॅकेत'मध्ये गिटारी खरबरीत झाल्या, रानातले आवाज आले, आणि शेवटच्या 'काइकु'त तर शेकोटीच्या तडतडीवर सगळे मिळून गातात. मूनसॉरोचा खरा चेहरा तिथे दिसतो.

मध्यमा:
म्हणजे मी नेमकी सगळ्यात अवघड जागी पोचले होते का?

रानवाटा (एस्पू):
हो. तुम्ही ऐकलंत ते 2007 च्या 'हॅवितेत्त्यु'मधलं. त्या अल्बमात दोनच गाणी आहेत, मिळून छप्पन्न मिनिटं. लोकसंगीताचा गोडवा तिथे जवळजवळ आटला आहे, सगळं उद्ध्वस्त झाल्यावरचा काळोख आहे. आणि तरीही तुम्हाला चाल आठवते आहे, याचा मला फार आनंद झाला. पुढच्या वर्षी 'तुलिम्युर्स्क्यु' आला. त्याला ते ईपी (अल्बमपेक्षा छोटी ध्वनिमुद्रिका) म्हणतात, पण तो तासाहून मोठा आहे. त्याचं शीर्षकगीतही अर्ध्या तासाच्या जवळपास.

काळोखींचं 'वेरिसॅकेत'बद्दलचं म्हणणं मला मान्य आहे, माझाही तोच सर्वांत आवडता. पण 'काइकु'ची शेकोटी भिडते ती आधीच्या तासाभराच्या थंडीमुळे, आणि त्या थंडीत नव्या माणसाला एकटं सोडू नये. 2011 च्या 'वार्योइना कुल्येम्मे कुओल्लेइदेन मास्सा'चंही तेच. जगाचा अंत झाल्यावर उरलेली माणसं बर्फातून चालत आहेत, अशी ती अखंड कथा आहे. तो तुकड्यातुकड्याने ऐकू नका. 2016 चा 'युमाल्तेन आइका' त्यानंतर. तिथे लोकसंगीताचे सूर पुन्हा मोकळे होतात.

इथे हेलसिंकीच्या क्लबमध्ये त्यांना प्रत्यक्ष ऐकलं आहे. चेहऱ्यांवर रक्ताचे ओघळ रंगवून येतात, पण कोरस सुरू झाला की समोरची सगळी माणसं डोळे मिटून गातात. फिनिश येत नसलेला मीही गायलो, कारण त्यातल्या बऱ्याच कोरसांना शब्दच नसतात.

'राउनिओइल्ला' ऐका, शक्यतो हेडफोनवर. कोरस पहिल्यांदा कुठे आत शिरतो ते पकडता आलं तर इथे लिहा.