'पीआरव्ही'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे): आमच्याकडे बॉयलरवर खानदेशातली बरीच मुलं आहेत, त्यांच्यासाठी माहितीपत्रक लिहितोय. प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्हला 'दाबघट झडप' चालेल? की सगळे म्हणतात तसं पीआरव्हीच ठेवू?

मकरपुरा (उत्तरं देणारे इथे आपापल्या वस्तीच्या नावानं आहेत): नुसतं पीआरव्ही नको. प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हही पीआरव्हीच! पहिला दाब उतरवून वाफ पुढे देतो, दुसरा दाब हद्दीबाहेर गेला की ती बाहेर सोडतो.

कारेलीबाग: 'सयाजीशासन कल्पतरू' (१९३१) चाळून बघा.

मकरपुरा: अहो, तो राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश. बॉयलरवाल्याला काय उपयोग?

अलकापुरी: माझा आक्षेप 'घट'ला आहे. दाब काय, भोक पाडलेली चकतीही कमी करते, पण वाफ वाहती असेपर्यंतच. यंत्र बंद करा, पुढचा दाब चढत बॉयलरच्या दाबाला जाऊन भिडतो. हा व्हॉल्व्ह पुढचा दाब धरून ठेवतो. स्प्रिंग वरून आतल्या लवचीक पडद्याला (डायफ्रॅमला) रेटून झडप उघडू बघते. पुढच्या पाइपातला दाब पडद्याला खालून ढकलून ती मिटू बघतो. यंत्रानं वाफ जास्त ओढली की पुढचा दाब उतरतो, स्प्रिंगची सरशी होते, झडप आणखी उघडते. मागणी घटली की उलट. म्हणून 'दाबनियामक झडप'.

प्रश्नकर्ता: पटलं. आणि 'ड्रूप'? मी 'लवण' लिहिलं होतं, लवणे या अर्थी.

मकरपुरा: बडोद्यात? इथे लवण म्हणजे मीठच!

अलकापुरी: 'दाबाचा उतार' लिहा. झडप जास्त उघडायची तर स्प्रिंग सैल होते, जोर कमी पडतो. म्हणून वाफेची मागणी वाढल्यावर दाब ठरवल्यापेक्षा जरा खालीच राहतो. पायलटवाल्या झडपेत, म्हणजे मोठी झडप छोट्या झडपेनं चालवतात तिच्यात, हा उतार फारच कमी. 'पायलट' मात्र तसाच ठेवा, 'वैमानिक' करू नका.

प्रश्नकर्ता: अपस्ट्रीम-डाउनस्ट्रीमला 'अलीकडचा-पलीकडचा' कसं वाटतं?

कारेलीबाग: माणूस कुठल्या बाजूला उभा, त्यावर ते उलटं होईल. 'बॉयलरकडचा दाब' आणि 'यंत्राकडचा दाब' म्हणा, वाद मिटला. उदाहरणही द्या: बॉयलरकडे गेजवर १० बार, यंत्राकडे ३ बार, संपृक्त वाफेचं (त्या दाबाला पाणी उकळतं त्याच तापमानाच्या वाफेचं) तापमान अनुक्रमे साधारण १८४ आणि १४४ अंश सेल्सिअस.

मकरपुरा: आणि यंत्राकडे सेफ्टी व्हॉल्व्ह हवा, हे ठळक छापा. सीटवर, म्हणजे झडप मिटताना जिथे टेकते तिथे, कचरा अडकला तर झडप पुरती मिटत नाही, आणि मागणी नसताना यंत्राकडचा दाब चढत राहतो. 'सेफ्टी व्हॉल्व्ह'चं भाषांतर कृपया नको, तो शब्द सगळ्यांना कळतो.