एमिटर फॉलोअर आपोआप ऑसिलेट होतोय, गेन तर एकपेक्षा कमी! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

१२ व्होल्ट सप्लायवर बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा साधा एमिटर फॉलोअर आहे (बेसवरचं व्होल्टेज जवळपास तसंच एमिटरवर देणारं सर्किट). १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांच्या डिव्हायडरमधून ६ व्होल्ट, त्या जोडावर जमिनीकडे ०.१ मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर, तिथून बेसपर्यंत पंधराएक सेंटिमीटरची जंपर वायर. एमिटरला १ किलोओहम आणि पुढच्या बोर्डाकडे जाणारी एक मीटर आरजी५८ कोअ‍ॅक्सियल केबल. सिग्नल कुठलाच नाही. तरी ५.२ व्होल्टच्या सरळ रेषेऐवजी स्कोपवर ६० मेगाहर्ट्झच्या आसपास छान गुबगुबीत साइन वेव्ह! जंपरजवळ बोट नेलं की फ्रिक्वेन्सी सरकते, केबल काढली की सगळं शांत. सप्लायचा डीकपलिंग कपॅसिटर (सप्लाय स्थिर ठेवणारा) ट्रान्झिस्टरच्या पायाशीच आहे.

ट्रान्झिस्टरच्या आतल्या कपॅसिटन्समुळे असं होतं म्हणतात. व्होल्टेज वाढवणारा कॉमन एमिटर असता तर मिलर इफेक्टला (गेनमुळे आतला कपॅसिटन्स कैक पट मोठा भासणं) दोष दिला असता. इथे व्होल्टेज गेन एकच्या खाली, मग ऑसिलेशन टिकतं कशावर?

प्रतिसाद १:
व्होल्टेज गेन सोडा, करंट गेन बघा. ट्रान्झिशन फ्रिक्वेन्सी (जिथे करंट गेन एकवर येतो ती) साधारण ३०० मेगाहर्ट्झ धरली तर ६० मेगाहर्ट्झलाही तो पाचच्या आसपास उरतो. बेस-एमिटर कपॅसिटन्समुळे हा करंट ९० अंश मागे पडतो. केबलच्या १०० पिकोफॅरडवर त्याचं व्होल्टेज आणखी ९० अंश मागे. झाले १८०, म्हणजे बेसमधून आत पाहिलं तर रेझिस्टन्स चक्क उणा, ऊर्जा खाण्याऐवजी परत देणारा! तुमच्या आकड्यांवर उणे १३० ओहमच्या घरात येतो. डेटाशीटमधल्या ९ पिकोफॅरडवर जाऊ नका, तो बंद जंक्शनचा आकडा आहे. ५ मिलिअँपिअर वाहत असताना बेस-एमिटर कपॅसिटन्स १०० पिकोफॅरडपर्यंत जातो. जंपरचा इंडक्टन्स दीडशे नॅनोहेन्रीच्या आसपास धरा आणि आकृती काढा: कोल्पिट्स ऑसिलेटर, म्हणजे एक इंडक्टर आणि दोन कपॅसिटरांवर चालणारा! बेसच्या पायाशी १०० ओहम सिरीजमध्ये लावून बघा.

धागाकर्ता:
लावला. ॲम्प्लिट्यूड घटली, पण पूर्ण थांबलं नाही. २२० लावल्यावर बंद झालं. बेस करंट वीसएक मायक्रोअँपिअर, त्यामुळे डीसीत जाणवण्याइतका फरक नाही. रेझिस्टर डिव्हायडरच्या टोकाला लावला तर चालेल का? तिथे जागा आहे.

प्रतिसाद २:
नको. मग बेसला लटकलेली वायर तशीच राहते आणि तिचा स्वतःचा कपॅसिटन्स जमिनीकडे नवी वाट काढतो. रेझिस्टर पायाला चिकटूनच हवा. शिवाय एमिटर आणि केबलच्या मध्ये ४७ ओहम टाका, म्हणजे एमिटरला नुसता कपॅसिटर दिसणार नाही. आणि तो जंपर आधी दोन सेंटिमीटरवर आणा हो!