मदत हवी आहे: उताराच्या जमिनीसाठी छोटा ट्रॅक्टर आणि गवत कापायचा मोवर

नमस्कार मंडळी,

छोटा ट्रॅक्टर घ्यायचं घरात नक्की झालं आहे, पण कोणता घ्यायचा आणि त्याच्या मागे गवतासाठी काय लावायचं, यावर एकमत होत नाही. ज्यांनी अशी यंत्रं स्वतः चालवली आहेत त्यांचा सल्ला हवा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जमीन साधारण चार एकर. घर, अंगण आणि शेड यांत एक एकर जातं. दीड एकरात फळझाडं आहेत, दोन ओळींमध्ये साडेचार मीटर अंतर, फांद्या बऱ्याच खाली आलेल्या. उरलेलं मोकळं रान. पाऊस झाला की तिथे कमरेएवढं गवत वाढतं आणि मध्ये मध्ये बोटाएवढ्या जाडीची झुडपं उठतात. रानाचा खालचा भाग ओढ्याकडे उतरतो. दगड आहेत, काही उघडे, काही गवतात लपलेले.

आतापर्यंत सगळं काम ब्रश कटरने झालं. ते यंत्र खांद्याला अडकवून तासन् तास उभं राहणं वडिलांना आता झेपत नाही. ट्रॅक्टर आला की तो ते आणि मी, दोघंही चालवणार. त्यामुळे काम किती लवकर उरकतं यापेक्षा उतारावर यंत्र किती भरवशाचं आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गवतापलीकडे ट्रॅक्टरकडून फार अपेक्षा नाहीत: छोट्या ट्रॉलीतून शेणखत आणि लाकूड ओढणं, कधीतरी पट्टाभर जमीन भुसभुशीत करणं.

समोर तीन पर्याय आहेत. पोटाखाली मोवर असलेला लॉन ट्रॅक्टर. किंवा वापरलेला १८ एचपीचा टू-व्हील ड्राइव्ह, वजनाला हलका, पण त्याला रोलबार (ट्रॅक्टर कलंडला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) नाही. किंवा २४ एचपीचा फोर-व्हील ड्राइव्ह, दुमडता येणारा रोलबार आणि सीटबेल्ट असलेला. मागे जोडायच्या मोवरचे दोन प्रकार आहेत: स्लॅशर लावा असं एक म्हणतो, फ्लेल मोवर घ्या असं दुसरा. वडिलांना १८ एचपीचा आवडला आहे, कारण तो आटोपशीर आहे आणि झाडांमधून सहज वळतो. त्यांचं म्हणणं मला पटतंही. पण तेवढ्या ताकदीत आमचं गवत निघेल का? आणि उताराचं काय?

प्रतिसाद १

ताई, आधी लॉन ट्रॅक्टर यादीतून काढून टाका. पोटाखालचा तो डेक, म्हणजे पात्यांवरचं झाकण, नियमित कापलेल्या, बुटक्या गवतासाठी असतो. कमरेएवढं गवत आधी समोरच्या चाकांखाली आडवं होतं, मग डेकमध्ये कोंबलं जातं आणि पट्टा घसरायला लागतो. लपलेल्या दगडांवर त्याची पाती आणि ती फिरवणारे स्पिंडल फार टिकत नाहीत.

आता ताकदीचं. ट्रॅक्टरवर लिहिलेला एचपी इंजिनाचा असतो. मोवरला मिळतो तो पीटीओचा (मागच्या यंत्राला ताकद देणारा फिरता दांडा), आणि तो साधारण १५ ते २० टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे २४ एचपीच्या ट्रॅक्टरला मागे १९-२० मिळतील, १८ वाल्याला १५ च्या आसपास. स्लॅशरसाठी दर फुटाला पीटीओचे ५ एचपी असा ढोबळ हिशोब धरतात. साध्या गवताला कमी लागतील, पण तुमच्याकडे झुडपंही आहेत. म्हणजे २४ वर ४ फुटी चालेल, १८ वर ३ फुटीच.

इथे एक अडचण येते, जी खरेदी करताना सहसा कोणी सांगत नाही. मोवर मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांइतका तरी रुंद हवा. नाहीतर चाकाखाली दबलेली पट्टी न कापताच राहते आणि झाडाच्या बुंध्याजवळ जायचं तर चाक आधी बुंध्याला लागतं. तेव्हा टेप घेऊन जा आणि मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी मोजा. १८ एचपीवाल्याची ती ३ फुटांपेक्षा जास्त भरली, तर तो ट्रॅक्टर त्याला झेपेल अशा मोवरशी जुळतच नाही.

कामाच्या वेळेची काळजी नको. ४ फुटी मोवर ताशी ५ किलोमीटरने चालवला आणि वळणं, एकावर एक येणारे पट्टे यांत पाचवा भाग गेला असं धरलं, तरी तासाला सव्वा एकराच्या जवळपास होतं. झाडांमध्ये वेग कमी राहील, तरी एक सकाळ पुरेल.

प्रतिसाद २

उतार मोजल्याशिवाय काहीही ठरवू नका. एक मीटरची सरळ फळी घ्या. तिचं एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, तिच्यावर स्पिरिट लेव्हल ठेवून फळी आडवी करा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. २७ सेंटिमीटर आलं तर उतार १५ अंशांचा. बसून चालवायच्या गवत कापणी यंत्रांच्या पुस्तिकांत बहुधा हीच मर्यादा दिलेली असते. ओलं गवत, खड्डा, एका चाकाखाली आलेला दगड, यातलं काहीही असलं की त्याच्या कितीतरी आधी थांबायचं.

टू-व्हीलचा धोका चढताना तितका नसतो, उतरताना असतो. ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि उतरताना वजन पुढे सरकून मागची चाकं हलकी होतात. ब्रेक दाबला की चाकं थांबतात, पण ट्रॅक्टर गवतावरून घसरत राहतो. फोर-व्हील जोडलेला असला की पुढची चाकंही मागच्यांशी बांधली जातात, त्यामुळे ब्रेकचा आणि इंजिनाचा अटकाव चारही चाकांना मिळतो. उतरताना लो गिअर आधीच टाकून ठेवायचा. न्यूट्रल नाही, क्लच दाबून तर अजिबात नाही. डाव्या आणि उजव्या चाकाचे दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना अडकवलेले हवेत.

ट्रॅक्टरने कापायचं ते उताराला सरळ, वर-खाली. आडवं चालवलं की कलंडण्याची भीती. आणि रोलबार नसलेला ट्रॅक्टर उताराच्या जमिनीवर वडिलांच्या हातात देऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. तुमच्याकडे फांद्या खाली आलेल्या आहेत म्हणून दुमडता रोलबार सोयीचा. फक्त नियम पक्का ठेवा: रोलबार उभा असेल तर सीटबेल्ट लावायचाच, दुमडलेला असेल तर लावायचा नाही, आणि उतारावर जाताना तो उभाच हवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. फळीने मोजून आले. मोकळ्या रानात बहुतेक ठिकाणी अंतर १४ ते १६ सेंटिमीटर आलं. ओढ्यालगतच्या शेवटच्या पट्ट्यात मात्र ३३-३५. तो पट्टा रुंदीला फार नाही, पण लांब आहे. वडिलांना फळी धरायला सोबत नेलं होतं. आकडे बघून रोलबारचा मुद्दा त्यांनी स्वतःच मान्य केला. १८ एचपीवाल्याची मागची रुंदीही ३ फुटांच्या पुढे आहे, तेव्हा तो विषय संपला.

आता प्रश्न दोन. त्या शेवटच्या पट्ट्याचं काय करावं? आणि २४ एचपीला स्लॅशर की फ्लेल?

प्रतिसाद २

मोकळं रान ८-९ अंशांचं आहे, तिथे नीट चालवलात तर ट्रॅक्टर चालेल. शेवटचा पट्टा १९ अंशांच्या आसपास जातो. तिथे ट्रॅक्टर नेऊच नका, फोर-व्हील असला तरी. ओढ्याच्या काठाला गवत आणि झुडपं असणं चांगलंच, त्यांची मुळं माती धरून ठेवतात. वर्षातून एकदा ब्रश कटरने वाट मोकळी करा आणि बाकी वाढू द्या. तेवढं काम कोणालाही झेपेल.

प्रतिसाद ३

माझ्याकडे दोन्ही होते, आता फ्लेल ठेवला आहे. माझं मत त्या बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगतो.

स्लॅशर म्हणजे गिअरबॉक्सखाली फिरणारी जाड चकती आणि तिला लोंबती दोन-तीन पाती. दगड किंवा बुंधा लागला की पातं मागे वळतं, त्यामुळे तो मार सोसतो. झुडपांना उत्तम. बिघडण्यासारखं त्यात फार काही नसतं. पण कापलेलं गवत ढिगांनी पडतं, खालचं गवत त्याखाली कुजतं, आणि पातं जमिनीला समांतर गरगर फिरत असल्याने दगड फार लांब उडतो. बऱ्याच पुस्तिका माणसं-जनावरं १०० मीटरच्या आसपास लांब ठेवायला सांगतात. पुढे-मागे साखळ्यांचे पडदे नसलेला स्लॅशर घेऊच नका.

फ्लेलमध्ये आडव्या रोटरवर पुष्कळ छोटी पाती असतात. तो गवताचा भुगा करून सारखा पसरतो, झाडांखाली आयतं आच्छादन होतं. दगड उडतो, पण बराच कमी आणि बहुधा खालीच. मागचा रोलर जमिनीच्या चढउतारावरून फिरतो म्हणून माती खरवडली जात नाही. छोट्या ट्रॅक्टरसाठी मला सर्वात मोठी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे: फ्लेल ट्रॅक्टरला चिकटून बसतो. स्लॅशर मागे लांबवर लोंबतो, तेवढंच वजन असलं तरी पुढची चाकं जास्त उचलतो. स्टिअरिंग नीट लागायला एकूण वजनाचा किमान पाचवा भाग पुढच्या चाकांवर हवा. मोवर वर उचलून फक्त पुढची चाकं वजनकाट्यावर घ्या, लगेच कळेल. कमी पडलं तर पुढे वजनाच्या प्लेटा लावा.

फ्लेलचे तोटेही ऐका. पाती जास्त, म्हणून बदलायचा व्याप जास्त. एक तुटलं तर समोरासमोरची जोडी बदलावी लागते, नाहीतर रोटर थरथरतो आणि बेअरिंग जातं. रोटर फिरवणाऱ्या पट्ट्याचा ताण बघत राहावं लागतं. पातींचा प्रकार विचारा: वाय आकाराची गवताला छान, तुमच्या झुडपांसाठी हातोडी आकाराची बरी.

प्रतिसाद १

फ्लेलबद्दल सहमत, एका अटीवर: झुडपं बोटाएवढीच राहिली पाहिजेत. दोन वर्षं रान सोडून दिलंत तर स्लॅशरचीच आठवण येईल. सुरुवातीला जी जाड खोडं आहेत ती हाताने तोडून घ्या आणि लपलेले दगड एकदा फिरून उचला. त्या एका फेरीने पाती वर्षानुवर्षं वाचतात.

ट्रॅक्टर बघताना पीटीओ कसा चालतो ते विचारा. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला की मोवरही थांबायला लागतो, आणि गच्च गवतात नेमकं तेच नको असतं. डबल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असला तर ट्रॅक्टर थांबवूनही मोवर फिरता ठेवता येतो. सिंगल क्लचच असेल तर पीटीओ शाफ्टवर ओव्हररनिंग क्लच (जोर एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवाच. तो नसला तर फिरत्या पात्यांचा जोर उलटा गिअरबॉक्समध्ये जातो आणि क्लच दाबूनही ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. झाडाच्या दिशेने जाताना असं झालं तर काय होईल, विचार करा.

हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चालणारा) मिळत असेल तर झाडांमध्ये तो फार सुखाचा. पाय कमी-जास्त दाबून वेग बदलतो, पीटीओचा वेग तसाच राहतो. थोडी ताकद खातो. तुम्ही दोघं चालवणार असाल तर मी तेवढी ताकद आनंदाने सोडेन.

धागाकर्ती

खूप मदत झाली. २४ एचपी फोर-व्हील, ४ फुटी फ्लेल, हातोडी पाती, असं ठरवतो आहोत. हायड्रोस्टॅटिक आणि गिअरवाला, दोन्ही चालवून बघू, शेवटचा शब्द वडिलांचा. एकच शंका उरली. मोवरसोबत येणारा पीटीओ शाफ्ट कोणत्याही ट्रॅक्टरला बसतो असं सांगितलं जातं. तसं खरंच आहे का?

प्रतिसाद ३

टोकाची जोडणी बसेल, ५४० आरपीएमच्या (मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या) पीटीओचा सहा खाचांचा आकार प्रमाणित आहे. लांबी मात्र प्रत्येक जोडीला तपासावीच लागते. मोवर जोडा, पीटीओ बंद ठेवा, हायड्रॉलिकने मोवर सावकाश वर-खाली करा, दर वेळी इंजिन बंद करून मोजा आणि शाफ्टची दोन टोकं सर्वात जवळ कुठे येतात ते शोधा. तिथेही आतली नळी तळाला टेकायला नको, थोडी जागा उरली पाहिजे, नाहीतर शाफ्ट दोन्हीकडच्या बेअरिंगांना ढकलून फोडतो. सर्वात लांब होतो तिथे दोन नळ्या किमान एक तृतीयांश एकमेकींत राहिल्या पाहिजेत. जास्त लांब असेल तर आतली आणि बाहेरची नळी, आणि त्यांवरची प्लॅस्टिकची आवरणं, सगळी सारखीच कापायची, कडा घासून ग्रीस लावायचं. हे सगळं विकणाऱ्याकडून तुमच्यासमोर करून घ्या. आवरणाची साखळी अडकवायला विसरू नका. आवरण शाफ्टबरोबर फिरता कामा नये, फिरत्या शाफ्टमध्ये कपडा अडकला तर सोडवायला वेळ मिळत नाही. आणि मोवरखाली हात घालायचा तर आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, किल्ली खिशात, रोटर पूर्ण थांबेपर्यंत वाट.