टेरेस, मॅच आणि रात्रीचे दीड

देशपांडे काकू (बी-२०३): सर्वांना सुप्रभात. काल रात्री टेरेसवर कोण कोण होतं ते मला माहीत आहे, नावं घेत नाही. दीडला सुरू झालं ते साडेतीनपर्यंत आरडाओरडा. सासूबाई दचकून उठल्या, त्यांना वाटलं चोर आले. पोरीची यंदा दहावीची एसएसएलसी आहे. मागच्या वेळी "परत होणार नाही" असं याच ग्रुपवर लिहिलं होतं, वर जाऊन बघा.

ओंकार (बी-४०१): सॉरी काकू 🙏 चॅम्पियन्स लीग होती, युरोपातल्या क्लबांची फुटबॉल. थंडीत आपल्याकडं दीडलाच असते.

देशपांडे काकू: घरात टीव्ही नाही?

ओंकार: घरात बाबा झोपलेले असतात.

कडोलकर (ए-१०२): 😂😂😂

देशपांडे काकू: हसण्यासारखं काय आहे यात?

पाटील काका (ए-३०१): मला एकानं सांगावं. त्या क्लबला आपली ही पोरं माहीत तरी आहेत का? लिव्हरपूल कुठं, बेळगावची टिळकवाडी कुठं. ते कोट्यवधी कमवूलालेत आणि आमची पोरं मॅच हरली म्हणून जेवत नाहीत.

समीर (ए-२०४): न जेवणारा ओंकार, काका. आम्ही मँचेस्टर युनायटेडवाले. २०१३ नंतर इंग्लंडची लीग नाही, तरी दोन वेळचं व्यवस्थित जेवूलालोय.

ओंकार: तुमचा कोच फर्ग्युसन गेला आणि तुमचं दुकान बंद झालं. २०२५ ला आमच्या लिव्हरपूलच्या पण २० लीग झाल्या, बरोबरी. आता बोल.

समीर: १९९० ते २०२०, तीस वर्षं कुठं होता ओ तुम्ही?

ओंकार: तिथंच होतो. तेच तर सांगूलालोय. २००५ ला इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये हाफ टाइमला ३-० मागं होतो, माझा दादा टीव्ही बंद करून झोपला. सकाळी पेपरात बघितलं तर कप आपला. तेव्हापासून तो कधी मॅच अर्धी सोडत नाही. मी दादामुळं.

हिरेमठ सर (सेक्रेटरी): कृपया विषयावर या. टेरेसची किल्ली कोणाकडे होती? टाकीचं झाकण पण उघडं सापडलं आहे.

कडोलकर: झाकण चार दिवस तसंच आहे सर. प्लंबर आला होता त्यानं ठेवलंय. मी तेव्हाच कळवलं होतं, कोणी बघितलं नाही.

हिरेमठ सर: लेखी कळवलं होतं का?

कडोलकर: बरं, झाकण पण फुटबॉलवाल्यांच्या नावावर घाला.

फर्नांडिस अंकल (बी-१०१): 🎤 व्हॉइस मेसेज (४:१०)

ऋतुजा (ए-४०२): अंकल, चार मिनिटं कोण ऐकणार? टाइप करा की ओ.

पाटील काका: माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. त्या क्लबला आपली पोरं माहीत आहेत का?

ऋतुजा: काका, क्लब कोण विचार करून निवडतंय? कुठल्या साली टीव्हीवर बघायला लागलात ते सांगा, तुमचा क्लब मी सांगतो. १९९९ च्या आसपास असला तर युनायटेड. २००९-१० ला शाळेत असला तर बार्सिलोना. मी २००४ ची. आर्सेनल अख्खी लीग एकही मॅच न हरता जिंकली, मला वाटलं हे असंच चालतं. पुढं वीस वर्षं लीग नाही.

समीर: त्याच साली सीमाप्रश्नाची केस पण सुप्रीम कोर्टात गेली. ऋतुजाचा पेशन्स म्हणजे सीमाभागाचा पेशन्स 😄

हिरेमठ सर: राजकारण नको. ग्रुपचे नियम पिन केले आहेत.

हिरेमठ सर: आणि एवढी आवड असेल तर आपल्या राज्याचा क्लब आहे. बेंगळुरू एफसी. २०१३ ला सुरू झाला, २०१८-१९ ला इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकला, सुनील छेत्री तिथलाच. मॅच संध्याकाळी असते, कोणाची झोप मोडत नाही.

पाटील काका: आपल्या राज्याचा म्हणजे कुठल्या ओ सर? 😀

हिरेमठ सर: पाटील साहेब, हे तुम्ही मुद्दाम करता. बिडरी, सोडा.

कडोलकर: आता खरी मॅच सुरू झाली.

फर्नांडिस अंकल: टाइप करतो. १९८६ वर्ल्ड कप दूरदर्शनवर बघितला. मारादोना. त्याचा क्लब इटलीतला नापोली म्हणून मी नापोली. कुठं आहे ते नकाशावर नंतर शोधलं. १९८७ ला लीग, १९९० ला लीग. १९९१ नंतर तो तिथं खेळला नाही. मी राहिलो. २००४ ला क्लबचं दिवाळं निघालं, तिसऱ्या डिव्हिजनमधून परत सुरुवात. मुलं म्हणाली डॅडी सोडा आता. पुढची लीग २०२३. तेहेतीस वर्षं.

ऋतुजा: अंकल 🫡

यश (बी-३०४): मी पण मेस्सीचाच की. बार्सा, २०२१ ला पॅरिस, आता मायामी.

ओंकार: तू फॅन नव्हं, सामान हलवणारा टेम्पो.

यश: आवडता खेळाडू बघायचा नाही तर काय तुमचा दगड-विटांचा स्टेडियम बघू? उद्या मालक बदलला, जर्सी बदलली, कोच बदलला, सगळी टीम बदलली. उरलं काय?

समीर: पॉइंट आहे ह्याचा.

चौगुले वहिनी (ए-२०१): मी बोलू का? माझं माहेर कोल्हापूर. आमच्याकडं कुणी क्लब "निवडत" नाही. जन्मलो त्या पेठेतल्या तालमीची टीम, झालं. आम्ही दिलबहार. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीशी मॅच असली की घरात आजी सकाळपासून देवापुढं. लग्न झालं, आडनाव बदललं, पत्ता बदलला, जिल्हा काय राज्य बदललं. अजून मॅच असली की भावाला फोन लावतो. ह्यांनी एकदा चेष्टेत विचारलं, आता कोल्हापूरचं काय घेऊन बसलीस. दोन दिवस बोलले नाही.

चौगुले (ए-२०१): तीन दिवस.

देशपांडे काकू: वहिनी, ते ठीक आहे, ती स्वतःची पेठ. यांचं इंग्लंडमध्ये कोण आहे?

पाटील काका: तेच मी सकाळपासून विचारूलालोय. त्या क्लबला आपली पोरं माहीत आहेत का??

ओंकार: काका, इंग्लंडमधल्यांना तरी कुठं विचारतात? विंबल्डन म्हणून क्लब होता. १९८८ ला आम्हालाच हरवून एफए कप घेतलान्. नंतर मालकांनी ठरवलं, लंडन सोडून मिल्टन कीन्सला जायचं. नव्वदेक किलोमीटर. २००२ ला परवानगी पण मिळाली. माणसं गेली नाहीत. त्याच वर्षी मैदानात ट्रायल घेऊन पोरं निवडली आणि स्वतःचा क्लब काढला, एएफसी विंबल्डन. अगदी खालच्या लीगपासून. २०११ ला परत वर फुटबॉल लीगमध्ये.

चौगुले वहिनी: आणि तो कप कुणाकडं राहिला?

ओंकार: तिकडं गेलेल्यांनी जुन्या क्लबचे सगळे मान २००७ ला त्या भागाच्या कौन्सिलला परत दिले.

पाटील काका: हं.

कडोलकर: पाटील काका पहिल्यांदा एका अक्षरात 😮

समीर: २०२१ चं पण सांग. युरोपातले बारा मोठे क्लब मिळून स्वतःची वेगळी सुपर लीग काढूलालते. लोक रस्त्यावर आले, दोन दिवसांत सहाच्या सहा इंग्लिश क्लब बाहेर. त्यात तुमचे पण आणि आमचे पण होते, ते मी मान्य करतो.

यश: म्हणजे क्लब फॅनला विकूलालाच होता की. माझंच खरं.

ओंकार: विकूलालाच होता. म्हणून तर ओरडायचं.

देशपांडे काकू: ओरडा. दिवसा ओरडा.

फर्नांडिस अंकल: 🎤 व्हॉइस मेसेज (६:३२)

ऋतुजा: अंकललललल

हिरेमठ सर: निर्णय असा. टेरेसची किल्ली रात्री दहानंतर माझ्याकडे. मॅच क्लबहाउसमध्ये बघा, दारं-खिडक्या बंद, जास्तीत जास्त आठ जण, आवाज आला तर कायमचं बंद. टाकीचं झाकण आज दुपारपर्यंत. पाटील साहेब, तुमचा तीन महिन्यांचा मेंटेनन्स बाकी आहे.

पाटील काका: तो लिफ्ट दुरुस्त झाल्यावर देणार असं मी जानेवारीतच सांगितलंय. आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या.

समीर: सर, आठ कमी पडतील. लिव्हरपूल-युनायटेड एका खोलीत बसवले तर मध्ये दोन माणसं लागतात.

ओंकार: हरणाऱ्यानं बिल्डिंगला कुंदा. मंजूर?

समीर: मंजूर. काकूंना अर्धा किलो वेगळा.

देशपांडे काकू: मला लाच नको. पुढची मॅच कधी आहे आणि किती वाजता, ते आजच इथं लिहा. पोरीची प्रिपरेटरी, सराव परीक्षा, चोवीस तारखेला सुरू.