'प्रिन्स' नाव चालत नाही म्हणे!

ए-३०२ काकू: परवाच सगळ्यांकडे पेढे वाटले अन् आज ऑकलंडहून लेकीचा फोन. नातवाचं 'प्रिन्स' नाव तिथं नोंदवूनच नाही राहिले. आपल्या लेकराचं नाव ठेवाले सरकारची परवानगी काऊन पाहिजे?

बी-१०४ भाऊ: काकू, न्यूझीलंडमध्ये किंग, प्रिन्स अशी पदवीसारखी नावं सहसा नाकारतात. ७० अक्षरांच्या वरही चालत नाही.

सी-२०१ काका: आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९, कलम १४. नाव नंतरही टाकता येते.

ए-४०३ वहिनी: नियम बरोबरच आहे. तिथंच एका ९ वर्षांच्या मुलीचं नाव 'तलुला डझ द हुला फ्रॉम हवाई' होतं. पोरगी मैत्रिणींना नावच सांगत नव्हती. २००८ मध्ये कोर्ट मधे पडलं.

ए-३०२ काकू: माझ्या नातवाची अन् तिची बरोबरी नका करू. यांना कॉलेजात सगळे प्रिन्सच म्हणत. हे गेले, नाव तरी राहील म्हटलं.

डी-१०२: मंग 'भाऊ' ठेवा. नागपुरात सगळ्याइले चालते 😄

सी-२०१ काका: कलम १४. नाव नंतरही टाकता येते.

डी-१०२: काका, वाचलं ना बाप्पा!

ए-४०३ वहिनी: हसा तुम्ही. माझ्या आतेसासूबाईंचं नाव नकुशी. साताऱ्याकडच्या, चौथी मुलगी. २०११ ला तिकडे अशा अडीचशेवर मुलींची नावं बदलली, तेव्हा यांची साठी उलटली होती. दवाखान्यात नावाचा पुकारा झाला की पदर तोंडाला लावून उठतात. तेव्हा एखाद्यानं 'हे नाव मी लिहिणार नाही' म्हटलं असतं तर?

सेक्रेटरी: बी-१०४, तुमची गाडी परत माझ्या जागेवर आहे.

बी-१०४ भाऊ: दोन मिनिटं. तुमचे पाहुणे आठ दिवस होते तेव्हा मी बोललो का?

बी-३०१ ताई: काका, आमच्या पिल्लूच्या दाखल्यात नावाची जागा कोरीच आहे. नोव्हेंबर २०२३ चा जन्म. शाळेतून वापस पाठवलं.

सी-२०१ काका: तेच तर सकाळपासून सांगून राहिलो! १२ महिने फुकट, मंग १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्याइले शाळा, पासपोर्ट, सगळीकडे जन्मदाखलाच लागते. संध्याकाळी या, अर्ज लिहून देतो.

ए-३०२ काकू: वहिनी, त्यांना घरी काय म्हणता?

ए-४०३ वहिनी: माई.

ए-३०२ काकू: बरं. मला 'प्रिन्स'चं अजूनही पटलं नाही. पण लेकीशी उद्या बोलते, तिथं मध्यरात्र झाली असेल.